ए ग्रेन की सी ग्रेन? किटमधली बाल्साची शीट ओळखायची कशी

बाल्सा या हलक्या लाकडाचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं किट उघडलं की सगळ्या शीट एकसारख्याच दिसतात. तोच फिकट पिवळट रंग, तीच जाडी, हातात घेतलं तर वजन जाणवतच नाही. मग कुठंतरी वाचायला मिळतं की ही ए ग्रेन, ती सी ग्रेन, आणि डोक्यात पहिलं काय येतंय तर ए म्हणजे एक नंबर माल आणि सी म्हणजे खालचा. आमचा भाचा बेळगावात उद्यमबागेकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, तोही म्हणाला, "मामा, सगळं ए ग्रेनच मागवूया की, जाऊदेत थोडे पैसे जास्त."

नाही बा. ए, बी, सी हे मालाचे दर्जे नाहीत. खोडातनं फळी कुठल्या दिशेनं कापली, एवढंच त्यातनं कळतंय. एकाच झाडातनं ए पण निघते आणि सी पण, आणि विमानाला दोन्ही लागतात, फक्त जागा वेगळ्या.

खोडाचा आडवा काप डोळ्यासमोर आणा. मधे गाभा, भोवती वाढीची वलयं (बाल्सा भराभर वाढतो, त्यात ती धड दिसत नाहीत, पण असतात), आणि गाभ्याकडनं सालीकडं सरळ जाणारे पेशींचे बारीक पट्टे, ते मज्जाकिरण. सगळा खेळ या किरणांचा आहे. फळीची रुंदी वलयांच्या कडेकडेनं गेली तर किरण फळीच्या जाडीतनं आरपार जातात, रुंदीच्या दिशेनं तंतू बांधून धरणारं काही राहत नाही, म्हणून ती फळी आडवी सहज वाकते. ही ए ग्रेन. आणि फळीची रुंदी गाभ्याकडनं सालीकडं अशी गेली तर किरण रुंदीभर आडवे पडतात, फळीला आडवा ताठपणा येतो, वाकवायला गेलं तर वाकत नाही, जास्त जोर लावला की उभी चिरते. ही सी ग्रेन. कुठंतरी मधल्या कोनात कापलेली ती बी. बाजारात बहुतेक माल बीच्या आसपासचा असतोय, तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही.

ओळखायचं डोळ्यांनी. ए ग्रेनच्या शीटवर लांबच लांब बारीक उभ्या रेषा दिसतात, बाकी अंग सपाट. सी ग्रेनच्या शीटवर माशाच्या खवल्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची चमक असते, खिडकीपाशी धरून जरा तिरकी केली की लगेच दिसते. ते ठिपके म्हणजेच आडवे पडलेले मज्जाकिरण. वडगावातल्या एका मेस्त्रींना दोन तुकडे दाखवले, त्यांनी बाल्सा आधी कधी हातात धरला नव्हता तरी एका क्षणात सांगितलं, ही सरळ कापाची, सिल्व्हर ओकला पण असंच येतंय की. बरोबरच आहे, सिल्व्हर ओकचे किरण रुंद असतात आणि तसाच काप पडला की त्याच्या फळीवर ठसठशीत ठिपके उठतात. म्हणजे आपल्या भागातल्या कुठल्याही सुताराच्या डोळ्याला हे माहीतच आहे, नाव तेवढं आपण इंग्रजी वापरतो.

डोळ्यांनी खात्री पटली नाही तर हातानं बघा. शीटच्या दोन्ही लांब कडा बोटांत धरून हलकंच आत दाबा. ए असेल तर मधे अलगद गोलाई येते. सी असेल तर ती अडून बसते, तेवढ्यावर थांबा, नाहीतर कटकन आवाज येतो आणि एका शीटच्या दोन होतात.

आता कुठं काय. पंखाची पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, तिच्यावर वरनं-खालनं जी पातळ शीट गुंडाळतात तिथं ए पाहिजे. फ्यूजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची गोल पाठ, गुंडाळून केलेली नळी, फळ्याफळ्या जोडून केलेली गोलाई, तिथं पण ए. स्पारला, म्हणजे पंखातल्या लांब दांडीला सुद्धा ए चांगली, तिच्यात लवचिकपणा असतो. सी जाते ताठ आणि सपाट राहायला पाहिजे तिथं: रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), फॉर्मर (धडातल्या आडव्या चौकटी), ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका शीटमधनं कापलेली सपाट शेपटी. शेपटीला ए ग्रेन लावली तर ती आज सरळ दिसेल आणि महिन्याभरानं पन्हाळीसारखी होईल, मग रिमोटवरनं ट्रिम (बारीक दुरुस्ती) किती पण फिरवा, विमान एका बाजूला ओढतंच राहतं. उलट सी ग्रेन गोलाईवर चढवायला जाल तर चिरते, मग लोक पाणी मारतात, अजून जोर लावतात, शेवटी ग्लू आणि फिलर भरून भरून विमानाचं नाक जड करून ठेवतात आणि म्हणतात किटच वाईट.

हा वाकण्याचा प्रश्न आपल्याकडं जास्तच छळतो, कारण पाऊस. लाकूड ओलावा घेतलं की फुगतं, सुकलं की आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. हिरवं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत बाल्सा वलयांच्या दिशेनं साधारण ७.६ टक्के आकसतो आणि गाभ्याकडनं सालीकडं फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अडीच पट फरक. ए ग्रेनची रुंदी नेमकी त्या जास्त आकसणाऱ्या दिशेत पडते, सीची कमी आकसणाऱ्या दिशेत. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंतींना ओल येते, खानापूर आणि जांबोटीकडं तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं किट माळ्यावर उभं करून ठेवलं तर ए ग्रेनच्या शीट आधी वळणार हे ठरलेलंच. सपाट फळीवर आडव्या ठेवा, वर वजन ठेवा, प्लास्टिकमधे बांधा. निपाणी-चिकोडीकडं हवा जरा कोरडी, तिथं एवढा त्रास नाही.

ए वाकवायची तर तिला बाहेरच्या बाजूनंच ओली करायची, म्हणजे ती बाजू फुगते आणि शीट आपोआप आत वळते. मग पाइपला किंवा बाटलीला टेपनं बांधून पूर्ण वाळू द्यायची आणि मगच चिकटवायची. उन्हाळ्यात रात्रीत काम होतं. आषाढात घाई करू नका, वरनं कोरडी आणि आतनं ओली शीट चिकटवली की नंतर सुकताना रिब ओढते.

आता एक दुसरा घोळ, आणि हा मला जास्त वाईट वाटतो. बरेच जण सी ग्रेन म्हणजे जड, टणक बाल्सा आणि ए म्हणजे हलका, मऊ असं धरून चालतात. ग्रेन आणि वजन या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. सी ग्रेन एकदम हलकी पण मिळते आणि ए ग्रेन दगडासारखी जड पण. बाल्साचं वजन मॉडेलवाले घनफुटाला पौंडात सांगतात. ४ ते ६ पौंडवाला स्पर्धेचा हलका माल, ८ ते १० मधला, १२ च्या वर गेला की जड. बाल्सा म्हणजे बाल्सा, सगळा हलकाच, असं नसतंय, एका गठ्ठ्यातल्या दोन शीटमधे दुप्पट फरक असू शकतो.

हे मोजायला सोन्याच्या दुकानात असतो तसला छोटा डिजिटल काटा पुरे. ३६ इंच लांब, ३ इंच रुंद, १/१६ इंच जाड शीट घ्या. ती ६ पौंडवाली असेल तर साधारण साडेदहा ग्रॅम भरते, ८ वाली १४ ग्रॅम, १२ वाली २१ ग्रॅम. ह्याच मापाच्या शीटचे ग्रॅम ०.५६ नं गुणले की घनफुटाचे पौंड मिळतात. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं दोन गोष्टी लिहून ठेवा, ग्रेन आणि ग्रॅम, मग किट बांधायला बसा. हलकी सी शेपटीला, कारण शेपटी नाकापासून लांब असते, तिथं वाढलेला एकेक ग्रॅम बॅलन्स करायला पुढं त्याच्या कितीतरी पट शिसं भरावं लागतं. जड, सरळ रेषांची ए स्पारला. फार जड आहे आणि रेषा पण वाकड्या आहेत ती शीट जिगला (भाग जोडताना धरून ठेवणारा साचा), नाहीतर कापायचा हात बसवायला.

इथं कोणतरी हमखास विचारतं, शेताच्या बांधावरच्या सावरीचं लाकूड चालेल का, ते पण हलकं असतंय की. घराणं दोघांचं एकच, पण सावर बाल्साच्या दुप्पट तरी जड पडते. कागदी विमानाच्या लाँचरला वापरा.

आणि किटची रिब तुटली तर. हे होणारच, कारण लेझरनं कापलेली रिब शीटमधनं सोडवताना शेपटाकडचं टोक हमखास मोडतं. स्वच्छ मोडली असेल तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब बास. तुकडाच हरवला तर शेजारची त्याच मापाची रिब सी ग्रेनच्या शीटवर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, मात्र शीटच्या उभ्या रेषा रिबच्या लांबीत, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेकडनं मागच्या कडेकडं गेल्या पाहिजेत. रेषा वर-खाली पडल्या तर पंखावर चढवायची प्लास्टिकची फिल्म इस्त्रीनं ताणतानाच ती रिब मोडते, आणि तोवर ती पंखात चिकटलेली असते.