टर्बो गाडीला ट्रकचा इंटरकूलर : पार्श्वभूमी

२००४ साली स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस भारतात आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. तिचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, पुढच्या चाकाच्या कमानीजवळ एका कोपऱ्यात दडवलेला होता, एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा. अशा गाडीला भंगारातला ट्रकचा मोठा इंटरकूलर लावायचा, हा विषय मुंबईत खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. त्याआधी टर्बो पेट्रोल म्हणजे परदेशातून आलेल्या मोजक्या गाड्या, आणि त्यांच्या मालकांना भंगारात हात घालायची वेळ येत नसे.

ज्या गाड्यांवर जगभर हा प्रयोग झाला, त्या १९९० च्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स कार. सुप्रा, आरएक्स-७, एमआर२. वापरलेली गाडी आयात करण्याचे नियम २००१ मध्ये ठरले: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. बंदर आपलं होतं, पण वयाच्या अटीवरच या गाड्या बाद झाल्या. त्यामुळे प्रयोगाची माहिती इथे आली, गाड्या आल्या नाहीत. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ यात आहे.

त्यामागचा इतिहास थोडक्यात. टर्बोचार्जरचं पेटंट एका स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतलं. दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करण्याचं तंत्र दुसऱ्या महायुद्धातल्या उंच उडणाऱ्या विमानांवर पक्कं झालं. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपैकी पोर्शे ९११ टर्बोला इंटरकूलर मिळाला तो १९७८ मध्ये, इंजिन ३.० वरून ३.३ लिटरचं झालं तेव्हा.

आता शब्दाकडे येऊ. घोळ तिथेच आहे, आणि तो नुसता भाषेचा नाही.

विमानांत हवा दोन टप्प्यांत दाबत. दोन टप्प्यांच्या मध्ये बसतो तो इंटरकूलर, शेवटच्या टप्प्यानंतर बसतो तो आफ्टरकूलर. आपल्या गाडीत टप्पा एकच, तेव्हा शब्दाला धरून बोलायचं तर गाडीतला प्रत्येक इंटरकूलर हा आफ्टरकूलरच आहे. ट्रकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याला चार्ज एअर कूलर म्हणतात. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांच्या मागे टीसीआयसी अशी अक्षरं झळकू लागली, त्यातलं टीसी म्हणजे टर्बोचार्ज्ड आणि आयसी म्हणजे इंटरकूल्ड. जुन्या जनरेटरच्या भंगारात मात्र आफ्टरकूलर म्हटलं की पाण्याने थंड होणारा डबा पुढे येतो. दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथे चार्ज एअर कूलर म्हणजे जहाजाच्या इंजिनावरचा, पाण्यावर चालणारा अवजड ठोकळा. गॅरेजमध्ये या सगळ्यांना एकच शब्द, कूलर.

तरीही या चार नावांनी फार नुकसान केलं नाही. समोर वस्तू दिसते, पाण्याचा आहे की हवेचा ते कळतं. नुकसान केलं ते साध्यासुध्या, सगळ्यांना कळतो असं वाटणाऱ्या शब्दाने: ट्रक.

अमेरिकेत हौशी लोक भंगारातून स्वस्तात मिळवत तो ‘ट्रकचा इंटरकूलर’ बहुतेक वेळा इसुझू एनपीआर या गाडीचा असे. एनपीआरचा फोटो मुंबईतल्या कुणालाही दाखवा, तो त्याला टेम्पो म्हणेल. आपली चारशेसात किंवा कँटर ज्या जातीची, त्याच जातीची ती: चपटं तोंड, चार सिलिंडर, गल्लीत फर्निचर किंवा बाजारात भाजी उतरवणारी. इथे ट्रक म्हणजे दहाचाकी, कळंबोलीच्या स्टील मार्केटला कॉइल घेऊन उभा असतो तो. तिकडच्या लोकांनी लिहिलं ट्रक, इथल्या लोकांनी वाचलं ट्रक, आणि भंगारवाल्याकडे मागितलाही ट्रकचाच. त्याने प्रामाणिकपणे सहा सिलिंडरवाल्याचा काढून दिला. खरं तर मागायला हवा होता टेम्पोचा.

हा फरक किती मोठा, ते साध्या हिशेबाने कळतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर ५,४०० लिटर. ३.३ लिटरचं टेम्पोचं डिझेल इंजिन ३,००० फेऱ्यांवर ४,९५० लिटर. ५.९ लिटरचं ट्रकचं इंजिन २,५०० फेऱ्यांवर ७,३७५ लिटर. टर्बोचा दाब यात धरलेला नाही, पण गुणोत्तर समजायला एवढं पुरतं. इंजिन जवळजवळ निम्म्या आकाराचं असूनही स्पोर्ट्स कार आणि टेम्पो जवळपास सारखीच हवा ओढतात, कारण एक फिरतं जोरात आणि दुसरं सावकाश. तिकडच्या लोकांना एनपीआरचा कूलर इतका चपखल का बसला, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. नशीब म्हणून नव्हे, जोडी मुळातच जुळत होती.

मोठ्या ट्रकचा लावल्याने काय होतं? हवा थंड होते, त्यात वाद नाही. पण एवढा मोठा डबा आणि त्याचे पाइप भरेपर्यंत बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढत नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिकअप यायला क्षणभर उशीर होतो. ट्रकच्या कूलरची तोंडं तीन-चार इंची, गाडीचे पाइप दोन-अडीच इंची, म्हणजे मध्ये जाडी जुळवणारे रिड्यूसर आले, जोड वाढले, आणि प्रत्येक जोड ही हवा गळायची नवी जागा. शिवाय तो अख्खा बंपर व्यापतो. मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की एसी गरम हवा टाकायला लागतो आणि तापमानाचा काटा वर सरकतो.

यावर उपाय म्हणून कूलर कापायची पद्धत आली. वरच्या किंवा खालच्या काही ट्यूब काढून टाकायच्या, दोन्ही टोकांच्या टाक्या लहान करून आर्गन वेल्डिंगने परत जोडायच्या. याबद्दल गॅरेजवाल्यांत आजही एकमत नाही. काहींच्या मते कापलेला कोअर, म्हणजे कूलरची मधली जाळी, कधी ना कधी शिवणीवर फुटतोच. माझं मत असं की वेल्डिंग करणारा जाणता असेल तर शिवण टिकते, पण टेम्पोचा कूलर मिळत असताना दहाचाकीचा घेऊन कापत बसण्यात काही अर्थ नाही. एक मात्र बघून घ्यावं: बऱ्याच कूलरच्या टोकाच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि घडी मारून बसवलेल्या असतात. त्यांच्यावर वेल्डिंग होतच नाही, त्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या कराव्या लागतात, आणि स्वस्ताईचं निम्मं गणित तिथेच संपतं.

ट्रककडेच का वळायचं, याचं उत्तर बांधणीत आहे. मालवाहू डिझेलचा कूलर दीड-दोन बार दाब लाखो किलोमीटर सहन करायला बनवलेला असतो. आरएससारखी गाडी ट्यूनिंग करूनही साधारण एक बारच्या आसपास राहते. उत्सर्जनाच्या नियमांनी हा माल मुबलक केला. इंटरकूलरमुळे जळण्याचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, हवा घट्ट झाल्याने काळा धूरही कमी येतो. त्यामुळे भारत स्टेज २ आणि ३ च्या काळात ट्रक-टेम्पोंवर तो सर्रास दिसू लागला. जे आज रस्त्यावर धावतं ते उद्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगार बाजारात येतं.

आता हा प्रयोग मुंबईत निव्वळ हौस नव्हता, असं मी का म्हणतो ते. कारण पेट्रोल. बाहेर हवा ३२ अंश असेल आणि टर्बोने एक बार बूस्ट दिला, तर टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून, म्हणजे सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून, ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. ती ५५ पर्यंत उतरवली तर त्याच दाबाला पाचवा हिस्सा जास्त हवा इंजिनात जाते. ताकदीची गोष्ट तेवढीच, पण नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिनाने ठोके देण्याची, गोष्ट त्याहून महत्त्वाची. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल नॉकिंगला कमी दाद देतं. युरोपात या गाड्या ९५ आणि ९८ ऑक्टेनवर चालत. आपल्याकडे साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन भारत स्टेज २ मध्ये ८८ आणि स्टेज ३ मध्ये ९१ होतं. मुंबईला स्टेज ३ मिळाला २००५ मध्ये. गरम हवा आणि कमी ऑक्टेन एकत्र आले की इंजिन ठोके देतं, इंजिनाचा कॉम्प्युटर ते थांबवायला ठिणगी उशिरा पाडतो, आणि कागदावरची १५० हॉर्सपॉवर घामाघूम दुपारी कागदावरच राहते. मोठा इंटरकूलर लावणारा मुंबईकर बहुतेक वेळा जास्तीची ताकद मागत नव्हता, विकत घेतलेली ताकद परत मिळवत होता. १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात आलं. तोवर पंधरा वर्षं गेली होती.

इथेही मुंबईने एक अडचण घातली. ट्रकच्या कूलरमागे इंजिनावर फिरणारा भलामोठा पंखा असतो, ट्रक उभा असला तरी तो हवा ओढतो. तोच कूलर गाडीच्या बंपरमागे लावला की त्याच्या वाट्याला येतो तो फक्त समोरचा वारा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तो भरपूर मिळतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी सात वाजता मिळत नाही. तेव्हा धातूचा तो ठोकळा स्वतःच तापतो आणि हवा थंड करण्याऐवजी गरम ठेवतो. तरीही कोपऱ्यातल्या छोट्या कूलरपेक्षा तो उशिरा तापतो आणि गाडी हलली की लवकर निवतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. समुद्रावरचा खारा वारा जाळीच्या पातळ फिन खातो, तेही इथलंच दुखणं.

भंगारातल्या कूलरचा पूर्वेतिहास हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. ट्रक अपघातात गेला असेल तर कोअर चेपलेला दिसतो, डोळ्यांना कळतं. पण टर्बो उडाल्यामुळे गाडी कटिंगला गेली असेल तर कूलर बाहेरून नव्यासारखा दिसतो आणि आत तेल भरलेलं असतं. त्या तेलात कधी कॉम्प्रेसरच्या पात्याचे अ‍ॅल्युमिनियमचे कण अडकलेले असतात. ते पुढे थेट सिलिंडरमध्ये जातात. तेल स्वतःही निरुपद्रवी नाही, हवेबरोबर जळताना ते पेट्रोलचं ऑक्टेन पाडतं, म्हणजे ज्या रोगासाठी औषध आणलं तोच रोग वाढतो. एका कूलरमधून मी स्वतः नखाएवढा पात्याचा तुकडा निघालेला पाहिला आहे, तोही तिसऱ्यांदा धुताना. म्हणून कूलर उभा-आडवा फिरवून, दोन्ही दिशांनी, धुतलेलं द्रव पांढऱ्या कपड्यावर स्वच्छ उतरेपर्यंत धुवायचा. मग दोन्ही तोंडं बंद करून, आत जपून हवा भरून, रेडिएटरवाल्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा आला की कूलर भंगारवाल्याला परत.

कायद्याचं काय, हा प्रश्न २०१९ नंतर मोठा झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. प्रमाणपत्रावर इंजिनाची क्षमता, इंधन, रंग, वजन, आसनं असतात, इंटरकूलर नसतो. म्हणून तो बदल कलमात बसत नाही असं गाडीवाले म्हणतात. तपासणी करणारा मात्र कंपनीने दिलेल्या गाडीत फरक आहे एवढंच बघतो. माझा कल गाडीवाल्यांकडे आहे. रंग बदलण्यापेक्षा हवा थंड करणं अधिक धोक्याचं कसं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण बंपरच्या आतली लोखंडी पट्टी कापून कूलर बसवला असेल, तर बाजू तपासणाऱ्याची खरी. ती पट्टी धडकेसाठी असते.

दरम्यान गाड्याच बदलल्या. २०१० ची लिनिआ टी-जेट आणि २०१५ ची अबार्थ पुंतो यांच्यावर हा प्रयोग शक्य होता. २०२० नंतरच्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या एक लिटर टीएसआय इंजिनात कूलर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीजोडाच्या, पोटातच असतो आणि पाण्याने थंड होतो. तिथे टेम्पोचा कूलर जोडायला पाइपच नाही.

उरल्या त्या जुन्या आरएस. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २००५ ची गाडी २०२० ला एकदा आणि २०२५ ला पुन्हा तपासणीला उभी राहिली. मूळचा कोपऱ्यातला कूलर, त्याचे होज आणि ब्रॅकेट पोटमाळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका, असं जाणता फिटर काम हातात घेतानाच सांगतो.