ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा

“चार जीबीचं स्वस्तातलं कार्ड द्या,” असं म्हणत बरेच जण दुकानात येतात. आमचा पहिला प्रश्न असतो, कॉम्प्युटर कुठला आहे आणि नेमका कशात अडतो?

नुसता चालू व्हायला वेळ लागत असेल, ब्राउझर अडकत असेल, तर कार्डाने काही फरक पडणार नाही. तिथे एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि रॅम लागते. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी जोडा. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याने वेग येतो. इतक्यावर काम भागलं तर कार्डाचे पैसे वाचतात, आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

गेम किंवा थ्रीडी कामासाठी कार्ड हवंच असेल, तर एसएमपीएसवरचा, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, स्टिकर वाचा. ऑफिसातून निघालेल्या चपट्या सेटमध्ये तो बहुधा 240 वॅटच्या आसपास असतो आणि कार्डाला द्यायची वेगळी वायर त्यात नसते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. म्हणजे कार्ड तेवढ्यातच चालणारं हवं, आणि कॅबिनेट चपटं असेल तर अर्ध्या उंचीचं, ज्याला लो प्रोफाइल म्हणतात. जीटीएक्स 1650 या हिशेबात बसतं, पण त्याच्या काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागते. खोक्यावर बघून घ्या. आरएक्स 6400 ला 53 वॅट पुरतात. मात्र ते स्लॉटच्या चारच लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग घटतो. नव्या बोर्डासाठी चांगलं, दहा वर्षांपूर्वीच्या सेटसाठी आम्ही ते सुचवत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जीबीच्या आकड्यात. जीटी 730 चार जीबीचं मिळतं, पण डीडीआर3 मेमरी इतकी संथ की त्या चार जीबीचा गेमला उपयोग नाही. जीटी 1030 चं तर नाव एकच आणि कार्डं दोन: जीडीडीआर5 वालं सेकंदाला 48 जीबी माहिती हलवतं, डीडीआर4 वालं जेमतेम 17. बिलावर मेमरीचा प्रकार लिहून मागा, आमच्याकडेही मागा.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा (पंधरा पिनांच्या जुन्या पोर्टचा) असेल तर आधी सांगा. 1030 ला ते पोर्ट नसतं. दोन कनेक्टर जोडणारा साधा अडॅप्टर चालत नाही, एचडीएमआयचा सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो.

सेकंडहँड कार्ड घेताना पैसे देण्याआधी अर्धा तास गेम लावून बघा. पंखा, तापमान आणि पडद्यावरचे ठिपके तेवढ्या वेळात कळतात. आमच्या टेबलावर ही चाचणी विनामूल्य आहे, कार्ड कुठूनही घेतलेलं असो.

येताना एसएमपीएसचा स्टिकर, मोकळा स्लॉट आणि मॉनिटरची मागची बाजू असे तीन फोटो मोबाइलमध्ये आणा. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. “कार्ड चालत नाही” म्हणून परत येणाऱ्यांच्या घरी पुष्कळदा एवढंच राहिलेलं असतं.