नोकरीचा रेफरन्स आणि मालकाला असलेलं कायद्याचं संरक्षण

नोकरी बदलताना नवीन कंपनी जुन्या मालकाकडे चौकशी करते, तेव्हा त्याने माणसाबद्दल प्रामाणिकपणे काही वाईट सांगितलं तरी त्याच्यावर बदनामीची केस टिकू नये, यासाठी कायद्यात जी सूट आहे ती म्हणजे रेफरन्सचं संरक्षण. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी यासाठी खास कायदे केलेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाहीये, सगळी भिस्त बदनामीच्या कलमातल्या अपवादांवर. पूर्वी आयपीसीचं ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६.

कामाचा आहे तो नववा अपवाद. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितासाठी सद्भावनेने काही बोललं तर ती बदनामी धरत नाहीत. १८६० च्या आयपीसीत याला उदाहरण पण मस्त दिलंय, दुकानदार आपल्या माणसाला सांगतो की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नको, त्याच्या सचोटीवर माझा भरवसा नाही. दहावा अपवाद समोरच्याच्या भल्यासाठी सावध करण्याबद्दल आहे, तोही इथे लागू पडू शकतो.

आता सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असून भागत नाही, पुरेशी काळजी न घेता केलेलं काहीच कायदा सद्भावनेत धरत नाही. समजा पुण्याजवळ भोसरीत एखाद्या मशीन शॉपच्या मालकाला फोन आला, "अहो, तुमच्याकडचा एक ऑपरेटर आलाय माझ्याकडे, कसाय पोरगा?" मालक म्हणाला "काम चांगलंय पण दांड्या फार मारतो", आणि मस्टरला (हजेरीपटाला) तशा गैरहजेऱ्या दिसतायत, तर तो बराच सेफ. पण दोन-चार इन्सर्ट (मशीनच्या टूलला लागणारे कटिंगचे तुकडे) गायब झाले, चौकशी कधी केलीच नाही, आणि हा सांगतो "चोर आहे तो", तर अवघडे. तेच वाक्य न विचारता एरियातल्या मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर आणखीच अवघड, कारण त्यातल्या निम्म्या लोकांचा त्या पोराशी काही संबंधच नसतो.

खरी मेख पुढे आहे. हे संरक्षण केस होण्यापासून वाचवत नाही, केस झाल्यावर कामी येतं, आणि अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी ज्याच्यावर आरोप आहे त्याचीच असते. म्हणजे खाजगी तक्रार, मॅजिस्ट्रेट कोर्ट, पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा, आणि गुन्हा शाबित झालाच तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला मुदत एक वर्षाची. दिवाणीत बोललेलं खरं निघालं की सुटका होते, फौजदारीत मात्र नुसतं खरं असून चालत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं, नाहीतर दुसरा एखादा अपवाद शोधावा लागतो.

म्हणून हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतल्या एचआरवाल्यांची तोंडं बंद असतात, आणि माझ्या मते त्यात त्यांचं फारसं चुकत पण नाही. बीजीव्हीच्या (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे नव्या कंपनीने केलेली पडताळणी) फॉर्मवर जॉइनिंगची तारीख, शेवटचा दिवस आणि पोस्ट भरतात, "परत घ्याल का" या रकान्यात लिहितात "कंपनी पॉलिसीनुसार सांगता येत नाही". गंमत म्हणजे हे उत्तर चांगल्या माणसालाही मिळतं, मग तो बिचारा नव्या कंपनीला समजावत बसतो की अहो माझं काही भांडण नव्हतं.

उलट बाजूने इंग्लंडचा १९९४ चा स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स हा निकाल वकील लोक सांगतात. विमा विकणाऱ्या एका माणसाला जुन्या कंपनीने रेफरन्समध्ये जवळजवळ अप्रामाणिकच ठरवून टाकलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, म्हटलं की रेफरन्स देणाऱ्याने त्या कर्मचाऱ्यासाठीही काळजी घेतली पाहिजे, निष्काळजीपणा दिसला तरी भरपाई मागता येते, द्वेष सिद्ध करायची गरज नाही. आपल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही.

लेखी सर्टिफिकेटचं वेगळंय. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स (कारखान्यातल्या नोकरीच्या अटी) कायद्याखालच्या नमुना नियमांत पर्मनंट कामगाराला, अगदी बडतर्फ केलं तरी, सर्व्हिस सर्टिफिकेटचा हक्क दिला होता. पण तो फक्त नोकरी केल्याचा दाखला, माणूस कसा होता याचा नाही. माणूस कसा होता हे नव्या कंपन्या अजूनही फोनवरच विचारतात, आणि कलम ३५६ तोंडी बोलण्यालाही लागतं, फक्त रेकॉर्डिंग नसेल तर कोण काय बोललं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.