मोबाईलमधलं घर आणि कोल्हापूरचं ऊन

कोल्हापुरात आता कुणी बंगला बांधायला काढला की आर्किटेक्टकडं जायच्या आधीच मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग जमलेला असतो. स्वीडनमधलं पांढऱ्या भिंतींचं घर, जर्मनीतलं जमिनीपासून छतापर्यंत काच असलेलं, एकापेक्षा एक भारी. फोटो बघून घर ठरवण्यात वाईट काहीच नाही, मला स्वतःला जगभरची घरं बघायला प्रचंड आवडतं, पण तिथला सूर्य आकाशात किती उंचावरनं जातो हे त्या फोटोत दिसत नाही, आणि घराचं निम्मं डिझाईन तर त्याच्यावरच ठरलेलं असतं.

२२ डिसेंबरची भर दुपार घ्या. स्टॉकहोममध्ये त्या वेळी सूर्य क्षितिजाच्या वर फक्त ७ अंश असतो, म्हणजे समोरच्या झाडामागं लपेल इतका खाली. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये साधारण १७ अंश. आणि आपल्या कोल्हापुरात ५० अंश, तेही वर्षातल्या सगळ्यात खालच्या सूर्याच्या दिवशी. डार्मश्टाट मुद्दाम सांगितलं, कारण १९९१ साली वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकारानं पहिलं पॅसिव्हहाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, तिथं उभं राहिलं. जाड इन्सुलेशन, तीन पदरी काचा, हवेची फट कुठंही नाही, आणि दक्षिणेला मोठ्या खिडक्या. अशा घराला वर्षभरात हीटिंगसाठी दर चौरस मीटरला १५ युनिटच्या आसपासच ऊर्जा लागावी असा त्यांचा दंडक आहे. तिथं थंडीतला खाली आलेला सूर्य त्या दक्षिणेच्या काचेतनं थेट हॉलच्या पार टोकापर्यंत पोचतो आणि खोली फुकटात गरम करतो. म्हणजे ती काच त्यांचा हीटर आहे. आपल्याला एप्रिल-मेमध्ये हीटर कशाला पाहिजे?

काच तापवते कशी ते समजून घेण्यासारखं आहे. ऊन काचेतनं सहज आत येतं आणि फरशी, सोफा, भिंती तापवतं. या तापलेल्या वस्तू ती उष्णता परत बाहेर टाकायला बघतात, पण आता ती लांब लहरींच्या इन्फ्रारेडमध्ये असते आणि साधी काच या लहरींना जवळजवळ पूर्ण अडवते, त्यात खिडकी बंद असली की गरम हवाही आतच कोंडते. त्यामुळं आतनं जाड पडदे लावले तर उजेड कमी होतो पण उष्णता तोवर घरात शिरलेली असते, पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडत बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला पाहिजे. स्पेनमध्ये खिडकीच्या बाहेरनं गुंडाळून खाली येणाऱ्या पट्ट्या असतात, जपानात बांबूचे पडदे बाहेरच्या बाजूला टांगतात, आणि आपल्याकडचे वाळ्याचे पडदे तर याच्याही एक पाऊल पुढं, कारण त्यांच्यावर पाणी मारलं की एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते, म्हणजे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी. अर्थात हे कोरड्या उन्हाळ्यातच, जून-जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

आता खिडकी कुठल्या दिशेला हे बघू. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधे तर दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ पडतच नाही! आणि थंडीत जे पडतं ते वरनं येतं, त्यामुळं दोन फुटाचा छज्जा असला की डिसेंबरातही चार फुटी खिडकीचा निम्म्याहून जास्त भाग दुपारी सावलीत राहतो. लोक दक्षिण म्हटलं की घाबरतात, पण उन्हाच्या हिशोबानं बघितलं तर खरी त्रासाची बाजू पश्चिम. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य साधारण २६ अंशावर असतो, मग तोच दोन फुटाचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो आणि बाकीची अख्खी खिडकी उघडी. तिथं आडवा छज्जा कितीही वाढवा, काम उभ्या पट्ट्या, जाळी नाहीतर झाडच करणार. पश्चिमेला रस्ता आहे म्हणून एलिव्हेशन (घराची दर्शनी बाजू) तिकडं आणि एलिव्हेशन म्हणून सगळी काच तिकडं, असे बंगले बघितले की जीव तुटतो, कारण ते घर पुढची पन्नास वर्षं एसीच्या बिलावर चालणार असतं.

स्लॅबची गोष्ट याहून मोठी. भर दुपारी स्वच्छ आकाशातनं दर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन येतं, म्हणजे हजार चौरस फुटाच्या गच्चीवर एका वेळी ९० किलोवॅटच्या वर. उघडं काँक्रीट त्यातलं बरंचसं पिऊन घेतं आणि काही तासांनी खाली सोडतं, गॅस बंद केल्यावरही तवा हात भाजतो तसं. आपल्याकडं उन्हाळ्यातही संध्याकाळनंतर बाहेर रंकाळ्यावर छान वारं असतं पण घरात फॅन गरम हवा मारतो, त्याचं कारण हेच, दुपारचं ऊन रात्री दहाला खोलीत पोचत असतं. गच्चीला पांढरा चुना किंवा पांढरा चायना मोझॅक केला तर निम्म्याहून जास्त ऊन वरच्या वर परत जातं, फक्त धूळ बसून काळं पडतं म्हणून दरवर्षी लक्ष द्यावं लागतं.

आणि गच्चीवरचा पत्रा! उपनगरांत घरोघरी गच्चीवर पत्र्याचं शेड दिसतं, बऱ्याच जणांना ते कुरूप वाटतं. पण वास्तुकलेतलं २०२२ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी बुर्किना फासोमधल्या आपल्या गांडो गावात २००१ साली जी शाळा बांधली तिची मुख्य युक्ती हीच आहे (शाळा आहे, घर नव्हे, पण ऊन तेच). मातीच्या विटांचं छत, त्याच्यापासून अंतर सोडून वर पत्रा, आणि मधनं वारं खेळतं. पत्रा तापतो पण ती उष्णता वारं घेऊन जातं, छत सावलीत राहतं. आपलं शेडही असंच काम करतं, बाजू उघड्या असतील तोपर्यंत. चारी बाजूंनी पत्रा मारून स्टोअर रूम केली की मधली हवा कोंडते आणि फायदा बराचसा गेला.

पेठेतल्या अरुंद, खोल प्लॉटसाठी युरोपपेक्षा व्हिएतनामकडं बघावं. हो ची मिन्ह शहरात आर्किटेक्ट व्हो त्राँग न्गिया यांनी २०११ मध्ये चार मीटर रुंद आणि वीस मीटर खोल जागेत एक घर बांधलं, मंगळवार पेठेत शोभेल असं माप. पुढची आणि मागची बाजू म्हणजे एकावर एक काँक्रीटच्या लांब कुंड्या, पाणी द्यायला आतनं पाईप. झाडं ऊन अडवतात, पानांतनं पाणी उडताना उष्णता जाते, रस्त्याची धूळ-गोंगाट थोडा गाळला जातो आणि वारं पुढनं मागं आरपार जातं. जुन्या वाड्यात चौक आणि सोपा हेच करायचे.

फ्लॅटवाल्यांसाठी मुंबईचं कांचनजंगा (उंच निवासी इमारत) बघण्यासारखं आहे, १९८३ मध्ये पूर्ण झालं, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं. तिथं चांगलं वारं आणि समुद्र पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाची झडही तिकडनंच, म्हणून त्यांनी कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या, बंगल्याच्या व्हरांड्यासारख्या. फ्रान्समध्ये बोर्दोला २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या कामात लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीनं सहकाऱ्यांसह याच्या उलट बाजूनं सुरुवात केली. १९६० च्या दशकातल्या तीन जुन्या इमारती न पाडता, लोकांना बाहेर न काढता, ५३० फ्लॅट्सना बाहेरनं ३.८ मीटर खोल काचेची गॅलरी जोडली. थंडीत ती बंद ठेवायची, उन्हाळ्यात सरकवून उघडायची, मधे उन्हाचे पडदे, आणि आतली खोली या गॅलरीमुळं बाहेरच्या हवेपासून सुरक्षित.

आपल्याकडं गॅलरीला स्लायडिंग काच बसवतात आणि हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत-दार काढून टाकतात, त्यामुळं बाहेरचं ऊन थेट सोफ्यावर येतं. काच बसवायचीच असेल तर मधलं दार काढू नका, आणि स्लायडिंगपेक्षा पूर्ण उघडणारी दुमडती काच घ्या, कारण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमध्ये निम्मीच खिडकी उघडते. काम सुरू करायच्या आधी सोसायटीला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, काचेचं वजन बरंच असतं.