केमोथेरपीची औषधे आणि मूत्रपिंडे

कर्करोगावरील अनेक औषधे मुख्यतः मूत्रावाटे शरीराबाहेर पडतात आणि त्यांतील काही औषधे बाहेर पडता पडता मूत्रपिंडांनाच इजा करतात. इजा झालेल्या मूत्रपिंडांतून औषधाचा निचरा मंदावतो, ते रक्तात अधिक काळ राहते आणि अस्थिमज्जा, तोंडाचे अस्तर अशा दूरच्या अवयवांवरील दुष्परिणामही वाढतात. अशा औषधांच्या प्रत्येक सायकलपूर्वी (उपचाराच्या फेरीपूर्वी) रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ, तपासतात ते याचसाठी. मात्र क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे आजाराने खंगलेल्या किंवा वृद्ध रुग्णात मूत्रपिंडांची क्षमता घटलेली असूनही हा आकडा सामान्य दिसू शकतो, हे विसरून चालत नाही.

या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेलेले औषध म्हणजे सिस्प्लॅटिन. १९६५ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवरील विद्युत्क्षेत्राचा परिणाम तपासत असताना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून सुटलेल्या संयुगांमुळे पेशीविभाजन थांबते, असे आढळले. त्यातूनच पुढे आलेल्या या औषधाला १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मूत्रपिंडातील समीपस्थ नलिकांच्या (गाळलेल्या द्रवातील उपयुक्त पदार्थ परत शोषणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या) पेशी विशिष्ट वाहक प्रथिनांद्वारे सिस्प्लॅटिन रक्तातून आत ओढून घेतात, त्यामुळे तेथील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कित्येक पट होते आणि त्या पेशी मरू लागतात. अशा इजा झालेल्या नलिकांना मॅग्नेशियम राखून ठेवता येत नाही. ते मूत्रावाटे वाहून जाते व रुग्णाला अशक्तपणा जाणवतो, पेटके येतात. सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्रपिंडांची हानी इतकी होत असे की औषधाचे भवितव्यच धोक्यात आले होते. औषधाच्या आधी व नंतर शिरेतून भरपूर सलाईन देण्याच्या साध्या उपायाने ते वापरण्याजोगे झाले. आज सलाईनसोबत मॅग्नेशियमही देतात. कार्बोप्लॅटिन हे त्याच कुळातले औषध मूत्रपिंडांना बरेच सौम्य असते; त्याची मात्रा मूत्रपिंडांच्या गाळणवेगावरून काढतात.

मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरील दुसऱ्या औषधाने होणाऱ्या इजेचे कारण वेगळे आहे. उच्च मात्रेत दिल्यास आम्लधर्मी मूत्रात त्याचे स्फटिक बनून नलिका तुंबतात. म्हणून सोडियम बायकार्बोनेट देऊन मूत्राचा सामू (pH) ७ च्या वर ठेवतात, रक्तातील औषधाची पातळी मोजत राहतात आणि निरोगी पेशींच्या बचावासाठी ल्युकोव्होरिन देतात. या काळात आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके औषधाचा निचरा रोखतात. ती घरच्या घरी घेणे धोक्याचे ठरते.

सायक्लोफॉस्फमाइड व आयफॉस्फमाइड या औषधांच्या विघटनातून तयार होणारे ॲक्रोलीन मूत्राशयाचे अस्तर जाळते व लघवीतून रक्त जाऊ लागते. मेस्ना हे औषध मूत्रातच ॲक्रोलीनला निष्प्रभ करते. आयफॉस्फमाइडमुळे, विशेषतः लहान मुलांत, नलिकांतून ग्लुकोज व फॉस्फेट वाया जाऊन हाडे कमजोर होण्याची भीती असते. याउलट डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो केवळ औषधाचा रंग असतो. कुटुंबीय हमखास घाबरतात. तेव्हा ही गोष्ट त्यांना आधीच सांगायला हवी.

औषधाचा अंश मूत्रात उतरत असल्याने साधारणपणे ४८ तास रुग्णाची लघवी, भांडे किंवा भिजलेली चादर हाताळताना हातमोजे घालावेत आणि शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, अशी सूचना सहसा दिली जाते.