निघण्याआधी एक रंगीत तालीम
तंबू, सॅक आणि मुक्कामाचं सामान नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून सामान भाड्याने नेणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक आग्रहाची विनंती करतो. सामान आदल्या संध्याकाळी नेऊ नका. निदान आठवडाभर आधी न्या आणि निघण्यापूर्वी एक रात्र त्यातच काढा. गच्ची, अंगण, मोकळं मैदान, काहीही चालेल. घराचं दार चार पावलांवर असताना झालेली चूक घरात येऊन निस्तरता येते. तीच चूक डोंगरात, अंधारात झाली तर सगळ्या रात्रीची झोप जाते, आणि कधीकधी प्रसंग त्याहून वाईट येतो.

हे आम्ही स्वतः भोगलेलं आहे. धंदा सुरू करण्याच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघं नवा कोरा तंबू घेऊन निघालो आणि त्याची पिशवी पहिल्यांदा उघडली ती दिवस मावळल्यावर, भर पावसात. तिन्ही पोल हाताला सारखेच लागत होते, पण एक वीतभर आखूड होता. तो नेमका कुठे बसतो हे उमगेपर्यंत आतला तंबू भिजून चिंब झाला आणि रात्र ओल्या तळावर बसून काढावी लागली. दिवसाउजेडी एकदा उभारून पाहिला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. म्हणूनच आमच्याकडच्या प्रत्येक भाड्याच्या तंबूच्या आखूड पोलच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावलेली असते. ती काढू नका.

तंबू

पहिल्यांदा उभारताना सूचना वाचून उभारा. दुसऱ्यांदा न वाचता. तिसऱ्यांदा दिवा मालवून, फक्त हेडटॉर्चवर. तिसऱ्या खेपेला जमलं की तंबू तुमच्या हाताला बसला म्हणायचं.

पोल कापडाच्या नळीत सरकवताना आणि काढतानाही ढकलायचा असतो, ओढायचा नसतो. ओढला की आतली लवचिक दोरी ताणली जाते, पोलचे तुकडे मध्येच सुटतात आणि नळीत अडकून कापड फाडतात. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तंबूंमध्ये हा फाटका कोपरा फार वेळा दिसतो. घडी घालतानाही पोल एका टोकापासून न दुमडता मधून सुरुवात करा. दोरीचा ताण दोन्हीकडे सारखा राहतो आणि ती जास्त टिकते.

खुंट्या सरळ ठोकू नका. डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, साधारण ४५ अंशांत, अशी ठोकलेली खुंटी वाऱ्याने सहसा उपटत नाही. ताणदोऱ्यांसाठी एक सरकगाठ शिकून घ्या, तेवढी पुरे. दोर खुंटीभोवतून आणा. मोकळ्या टोकाने ताणलेल्या दोराला फासाच्या आतल्या बाजूने दोन वेढे द्या, मग बाहेरच्या बाजूने एक वेढा देऊन घट्ट आवळा. ही गाठ हाताने सरकवली तर सरकते आणि ताण आला की जागीच धरून राहते. पावसात भिजलेलं कापड सैल पडलं तरी अंथरुणातून उठून, गाठ न सोडता, दोरी पुन्हा ताणता येते.

तळाखाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा थोडं लहान हवं. ते बाहेर डोकावत राहिलं तर छतावरून ओघळणारं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं.

तंबू गळतो अशी तक्रार घेऊन काही जण येतात. आम्ही पाणी मारून पाहतो, कुठेच गळत नसतं. रात्रभराच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे तिचे थेंब पडतात. थंडीने आपण सगळ्या खिडक्या बंद करतो, तिथेच हे घडतं. वरची जाळी आणि दाराची एक बाजू उघडी ठेवा. थोडी थंडी परवडली, ओली स्लीपिंग बॅग नको. आणि दोन माणसांचा म्हणून येणारा तंबू दोघांना जेमतेम पुरतो. सॅका आत घ्यायच्या असतील तर तीन माणसांचा न्या, असं आम्ही सांगतो ते जास्त भाडं मिळावं म्हणून नव्हे.

झोप

स्लीपिंग बॅगेवर बहुधा तीन तापमानं छापलेली असतात. पहिलं आरामाचं, दुसरं निभावण्याचं, तिसरं टोकाचं. निवड पहिल्या आकड्यावरून करा. दुसऱ्या आकड्यात अंग आखडून कशीबशी रात्र निघते, आणि तिसरा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. मुक्कामाची जागा उंचावर असेल तर पायथ्याच्या तापमानावर विसंबू नका. दर १००० मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते.

पण थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही आणि हवा नसली की ऊबही नाही. म्हणून चांगली बॅग आणि फालतू मॅट यापेक्षा मध्यम बॅग आणि चांगली मॅट बरी. मॅटवरचा आर-मूल्याचा आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी अडते. दोन मॅट एकावर एक घातल्या की दोन्हींच्या आकड्यांची बेरीज धरायची. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की चोळामोळा होऊन निकामी होते. पावसाळी हवेत कृत्रिम भरणाची बॅग जास्त भरवशाची.

सॅक आणि बूट

सॅक माणसाच्या उंचीवरून निवडायची नसते, पाठीच्या लांबीवरून निवडायची असते. मान खाली घातली की तिच्या मुळाशी जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. बसवताना आधी कमरेचा पट्टा हाडांवर आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. बहुतेक ओझं कमरेने उचलायचं असतं, खांद्यांनी नुसता तोल सांभाळायचा. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मध्यावर, स्लीपिंग बॅग तळाशी, पावसाळी कपडे सगळ्यात वर. भरलेल्या सॅकचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवा. त्याहून जास्त भरत असेल तर आमच्याकडे या, एकत्र बसून काय काढता येईल ते पाहू.

सरावासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिना चढा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं. चढ झाला की पाणी झाडांना घाला आणि रिकाम्या सॅकने उतरा. सुरुवातीला गुडघ्यांना इतकी सवलत द्यायलाच हवी.

बुटांबाबत हात जोडून सांगतो, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेले बूट थेट घालून निघू नका. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलीयुरेथेनचा थर असतो. तो न वापरताही हवेतल्या दमटपणाने हळूहळू विरत जातो. वरून बूट नवाच दिसतो आणि पहिल्याच दिवशी तळवा पिठासारखा भुगा होऊन सुटतो. अंगठ्याने तळव्याची कड दाबून पाहा. भेग पडली किंवा कण सुटले तर तो बूट टाकून द्या. नवे बूट असतील तर आधी दोन आठवडे रोजच्या चालण्यात घाला. चालताना पायाला कुठे गरम किंवा चुरचुरल्यासारखं लागलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. बाकीचे पुढे गेले तरी जाऊ देत. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा तितका उपयोग होत नाही. सुती मोजे घाम धरून ठेवतात, तेव्हा लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या.

स्टोव्ह आणि पाणी

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. पाऊस असला, वारा असला, बोटं गारठली असली तरीही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. आमच्या भाडेपावतीवर हे वाक्य ठळक छापलेलं आहे आणि सामान देताना आम्ही ते तोंडीही सांगतो.

थंडीत गॅसची ज्योत मंदावली तर स्टोव्ह बिघडला असं समजू नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ होणं जवळजवळ थांबवतो. प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत ठेवा.

पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पोकळ धाग्यांचे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू त्यातून जाऊ शकतात. असा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतले धागे फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. गोठल्याची नुसती शंका आली तरी तो फिल्टर वापरू नका, आम्हाला सांगा.

वाट आणि वेळ

फोनमधला नकाशा जरूर वापरा, पण कागदाचा नकाशा आणि होकायंत्रही सोबत असू द्या. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. १:५०,००० च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ३०० मीटर चढाला आणखी अर्धा तास. म्हणजे दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. यात विश्रांती धरलेली नाही, पाठीवरचं ओझंही नाही. नवख्या गटाने त्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा आणि उजेड असतानाच तंबू उभा राहील असा बेत करावा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर धार, सुळका, एकटं झाड सोडून ताबडतोब खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर जाऊ नका. तंबूत शिरल्याने विजेपासून संरक्षण मिळत नाही.

शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच अडकवा, सॅकच्या आत ठेवू नका. मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवा.

शौचासाठी पाण्यापासून निदान साठ मीटर लांब जा, वीतभर खोल खड्डा खणा आणि मातीने बुजवा. कचरा सगळा परत आणा.

सामान परत करताना

तालमीच्या रात्री काही अडलं तर दुसऱ्या दिवशी बिनधास्त या. मॅट बदलून देणं, पट्टा लहान करणं, चेन दुरुस्त करणं ही कामं आम्ही निघण्याआधी आनंदाने करतो. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून आठवडाभर ठेवू नका, सैल ठेवा. तंबू ओला असेल तर नीट घडी घालण्याच्या फंदात पडू नका. मोठ्या पिशवीत सैल भरा आणि त्याच दिवशी आणून द्या, वाळवायचं काम आमचं.