अकराचं घड्याळ आणि चौदाचं घड्याळ

आमच्या ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: "सर, ड्रायव्हरला दिवसाला तास किती? अकरा की चौदा?" दोन्ही, असं मी सांगतो. ते वहीत लिहून घेतात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

काम काय ते आधी सांगतो. पुण्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या ट्रकांचे लॉग, म्हणजे ड्रायव्हरच्या वेळेच्या नोंदी, तपासतो. संध्याकाळी साडेसहाला आमची शिफ्ट सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात टेक्सासमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. तिथे लांब पल्ल्याच्या बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलं एक यंत्र असतं, ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस). ड्रायव्हर दिवसभरात काय करतोय याच्या चार ओळी त्यात असतात: ऑफ ड्युटी, स्लीपर, ड्रायव्हिंग आणि ऑन ड्युटी. स्लीपर म्हणजे केबिनमागचा झोपायचा बंक. ऑन ड्युटी म्हणजे गाडी चालवणं सोडून बाकीचं काम: गाडी तपासणं, डिझेल भरणं, माल चढवणं, कागदपत्रं. गाडीने ताशी पाच मैलांचा वेग ओलांडला की यंत्र आपणहून ड्रायव्हिंगची ओळ पकडतं, तिथे ड्रायव्हरला विचारत बसत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. तासांचे नियम ईएलडीने आणले नाहीत. ईएलडी १८ डिसेंबर २०१७ला सक्तीची झाली. अकरा आणि चौदा हे आकडे त्याआधी जवळपास चौदा वर्षं लागू होते, फक्त ते कागदाच्या वहीत लिहिले जायचे. त्या वहीला ड्रायव्हर लोक ‘कॉमिक बुक’ म्हणायचे, यावरून आत काय असायचं ते समजा.

आता दोन घड्याळं. नियम माल वाहणाऱ्या ट्रकांचे आहेत. सलग दहा तास विश्रांती झाली की ड्रायव्हरला गाडी चालवायला जास्तीत जास्त अकरा तास मिळतात. हे अकराचं घड्याळ. आणि विश्रांतीनंतर त्याने पहिलं काम हातात घेतलं, मग ते गाडीभोवती फिरून टायर बघणं का असेना, की चौदा तासांचं दुसरं घड्याळ सुरू होतं. ते संपल्यावर गाडी चालवायची नाही. अकरातले कितीही तास शिल्लक असोत.

मी नवीन मुलांना नळाच्या पाण्याचं उदाहरण देतो. समजा, कुणी सांगितलं की घरटी अकरा हंडे पाणी घ्यायचं, आणि नळाला पाणी सकाळी सहा ते आठ. अकरा हंडे हा तुमचा कोटा. तो तुम्ही भराल तेव्हाच कमी होतो. हंडा बाजूला ठेवून चहा प्यायलात तर तो तसाच राहतो. पण आठ वाजता पाणी जातं. तुम्ही चहा पीत होतात, शेजारीण तिचं पिंप मध्ये घालून उभी होती, याच्याशी नळाला घेणंदेणं नाही. अकराचं घड्याळ म्हणजे हंडे, चौदाचं घड्याळ म्हणजे पाण्याची वेळ. पुण्यातल्या पेठांत वाढलेल्यांना हे लगेच कळतं. चोवीस तास पाणी असलेल्या सोसायटीतली मुलं थोडी थांबतात.

गेल्या उन्हाळ्यातला एक दिवस दाखवतो, मी तो घडताना पाहिला. ड्रायव्हर मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडो गावात. माल पोचवायचा ओक्लाहोमातल्या आर्डमोरला. आय-३५ हा हायवे लारेडोतच सुरू होतो. तिथून सॅन अँटोनियो, ऑस्टिन, डॅलस करत वर जायचं, साधारण साडेआठशे किलोमीटर. अकरा तासांत आरामात बसतं.

पहाटे पाचला त्याने गाडी तपासायला घेतली. चौदाचं घड्याळ सुरू, म्हणजे संध्याकाळी सातला संपणार. पाच वीसला निघाला, वीस मिनिटांत गोदामावर पोचला. तिथे रांग. पाच चाळीसपासून नऊ चाळीसपर्यंत, तब्बल चार तास, माल चढवण्यात आणि वाट बघण्यात गेले. मग ऑस्टिनपर्यंत साडेतीन तास, अर्धा तास जेवण, पुढे पाच तास दहा मिनिटं. सहा पन्नासला टेक्सासच्या उत्तर टोकाशी, गेन्सव्हिलच्या ट्रक स्टॉपवर तो थांबला. समोर यंत्रावर दोन आकडे होते. ड्रायव्हिंग शिल्लक: दोन तास. शिफ्ट शिल्लक: दहा मिनिटं. आर्डमोर तिथून चाळीस मिनिटांवर.

जेवणाच्या अर्ध्या तासाबद्दल: तो काही चौदाचं घड्याळ थांबवत नाही. आठ तास ड्रायव्हिंग झाल्यावर किमान तीस मिनिटं स्टिअरिंगपासून दूर राहावं लागतं, हा वेगळाच नियम आहे. २०२०पासून त्या तीस मिनिटांत डिझेल भरलं तरी चालतं. पण अनेक नवे ड्रायव्हर, आणि आमच्याकडचे नवे लोकही, असं धरून चालतात की ऑफ ड्युटीचं बटण दाबलं म्हणजे सगळी घड्याळं थांबली. थांबतं फक्त अकराचं. तेही ऑफ ड्युटी दाबल्यामुळे नाही, गाडी उभी आहे म्हणून.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. चौदा तास झाले म्हणजे काम बंद, असं लोकांना वाटतं. तसं नाही. चौदा तासांनंतर तो माल उतरवू शकतो, कागद भरू शकतो. फक्त सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची नाही. ते काम मात्र आठ दिवसांतल्या सत्तर तासांत मोजलं जातं (काही कंपन्यांना सात दिवसांत साठ), ते तिसरं घड्याळ. त्याची गोष्ट सोपी आहे: तास भरले की थांबा, सलग चौतीस तास सुट्टी घेतली की पाटी कोरी.

मग हे न थांबणारं घड्याळ आलं कुठून? २००४च्या जानेवारीपर्यंत नियम असा होता: आठ तास विश्रांती, दहा तास ड्रायव्हिंग, आणि पंधरा तास ऑन ड्युटी. ते पंधरा तास मोजून धरायचे असत. मधे दोन तास झोपलात तर ते वजा. त्यामुळे एक ‘दिवस’ वीस-बावीस तासांपर्यंत ताणता यायचा. नव्या नियमाने ड्रायव्हिंगचा एक तास वाढवून दिला, विश्रांती दोन तासांनी वाढवली, आणि पंधराच्या जागी न थांबणारे चौदा आणले. गंमत म्हणजे प्रवासी बसना आजही जुन्याच धाटणीचे दहा आणि पंधरा लागू आहेत, आणि ते पंधरा मधे थांबतात. त्यामुळे बसवरून ट्रकवर आलेला ड्रायव्हर पहिल्या महिन्यात हटकून चुकतो.

हे सगळं मी एकदा मामांना सांगत होतो. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. नळ, हंडे, आय-३५, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मग सरळ स्प्रेड ओव्हर म्हण की! एवढं रामायण कशाला?"

खरंच. मामांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात काम दिवसाला आठ तास, पण विश्रांती धरून सगळा पसारा साधारणपणे बारा तासांच्या आत, असंच होतं. आठ म्हणजे त्यांचं अकरा, बारा म्हणजे त्यांचं चौदा. मामांना जे नवल वाटलं ते वेगळंच. "आणि हे यंत्र खरंच थांबवतं का गाडी?" नाही, थांबवत नाही. यंत्र फक्त लिहून ठेवतं. चौदा तास उलटले तरी गाडी चालतेच, स्क्रीन लाल होते एवढंच. पुढे रस्त्यात तपासणी झाली तर अधिकारी लॉग मागतो, आणि सापडलेल्या ड्रायव्हरला तिथेच दहा तास बसवून ठेवू शकतो.

तर चौदाचं घड्याळ कशानेच थांबत नाही का? मुख्यतः दोन गोष्टींनी हलतं. एक म्हणजे निघताना कल्पना नसलेलं बर्फ, धुकं, पुढे अपघाताने बंद झालेला रस्ता. अशा वेळी अकरा आणि चौदा दोन्ही दोन तासांनी वाढवता येतात. गोदामवाल्याने रखडवलं हे त्यात बसत नाही, कितीही मनापासून वाटलं तरी.

दुसरी गोष्ट खरी गुंतागुंतीची: विश्रांतीचे दोन तुकडे. सलग दहाऐवजी एक तुकडा स्लीपरमध्ये किमान सात तासांचा आणि दुसरा किमान दोन तासांचा, बेरीज दहा किंवा जास्त. २०२०च्या सप्टेंबरपासून या दोन्ही तुकड्यांचा वेळ चौदामधून वगळला जातो. म्हणजे आपल्या ड्रायव्हरने गोदामावरचे चार तास स्लीपरमध्ये काढले असते आणि रात्री पुन्हा सात तास झोपला असता, तर ते चार तास वगळून सहा पन्नासला चौदामधले चार तास दहा मिनिटं शिल्लक दिसली असती. आर्डमोर सहज. पण फुकट काही नाही: सकाळी उठल्यावर त्याला ताजे अकरा तास मिळाले नसते. हिशोब पहिल्या तुकड्याच्या शेवटापासून, नऊ चाळीसपासून, धरला जातो. आर्डमोरपर्यंत नऊ तास वीस मिनिटं ड्रायव्हिंग झालेलं असतं, म्हणजे उठल्यावर हातात एक तास चाळीस मिनिटं. हे न सांगता ‘स्प्लिट घे’, म्हणजे विश्रांतीचे तुकडे कर, असा सल्ला देणारा डिस्पॅचर, म्हणजे ड्रायव्हरला फेऱ्या नेमून देणारा माणूस, दुसऱ्या दिवशी स्वतःच अडकतो.

आणि आता त्या पहाटेकडे. गेन्सव्हिलला संध्याकाळचे सहा पन्नास, म्हणजे आमच्याकडे पुण्यात पहाटेचे पाच वीस झाले होते. डिस्पॅचरचा मेसेज आला: सकाळचे ते चार तास ऑन ड्युटी दिसताहेत, ते स्लीपर करून पाठव.

यात कागदोपत्री काही अशक्य नाही. आपोआप नोंदलेलं ड्रायव्हिंग कमी करता येत नाही, पण बाकीच्या ओळी कारण लिहून दुरुस्त करता येतात. ऑफिसने दुरुस्ती सुचवायची, ड्रायव्हरने मान्य करायची. मूळ नोंद पुसली जात नाही, ती खाली राहते. आणि अशी दुरुस्ती कित्येकदा खरीच असते. गाडी पाच मिनिटं उभी राहिली की यंत्र विचारतं, अजून चालवताय का? मिनिटभर उत्तर नाही आलं तर ते स्वतःच ऑन ड्युटी लावतं. ड्रायव्हर मागे जाऊन झोपला, बटण दाबायचं राहिलं, हे रोजचं आहे. आपल्या ड्रायव्हरच्या लॉगवरही नेमकी तशीच आपोआप लागलेली ऑन ड्युटी होती. म्हणजे पुण्यातून बघणाऱ्याला तो झोपला होता की उभा होता, हे कळायला मार्गच नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं.

मी त्याला विचारलं, सकाळी गोदामावर कुठे होतास?

तो म्हणाला, डॉकवर. पॅलेट मोजत होतो, दोन कमी निघाले, तीनदा मोजायला लावले.

मग ते ऑन ड्युटीच. मी दुरुस्ती पाठवली नाही, डिस्पॅचरला तसं कळवलं, आणि त्याचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. उरलेल्या चाळीस मिनिटांसाठी त्याने आणखी एक वाट सुचवली, पर्सनल कन्व्हेयन्स, म्हणजे ऑफ ड्युटीत स्वतःच्या कामासाठी गाडी नेणं. जेवायला जायला, मुक्कामावरून घरी जायला ते चालतं. भरलेला माल गिऱ्हाइकाच्या दिशेने पुढे सरकवायला नाही.

ड्रायव्हरने दहा मिनिटांत गाडीची शेवटची तपासणी केली आणि सातला ऑफ ड्युटी दाबलं. दोन तासांचं ड्रायव्हिंग तसंच पडून राहिलं. ते उद्यासाठी साठत नाही, दहा तासांनंतर पुन्हा अकरा म्हणजे अकराच. दुसऱ्या पहाटे पाचला त्याने टायर बघितले, पावणेसहाला आर्डमोरला पोचला. गोदाम उघडायचं होतं सातला. बटण कुठलंही दाबलं असतं तरी अकराच्या घड्याळात दहा तास वीस मिनिटं शिल्लक होती, आणि चौदाचं तोवर सव्वातेरावर आलं होतं.